पूर्व-पश्चिम बाजूच का फुगते? शेताचे कोपरे, मोबाईल आणि दहावीचं अंतराचं सूत्र

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. तारेच्या कुंपणासाठी तुम्ही शेताच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर घेतलेत. मुलाच्या दहावीच्या पुस्तकातलं दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र त्यांना लावलंत. उत्तर अंशांत आलं, म्हणून 'एक अंश म्हणजे १११ किलोमीटर' या हिशोबाने गुणलंत. क ते ख ही लांब बाजू १२०.५ मीटर आली, टेपने ती ११५ भरते. ख ते ग ही बाजू ७९.३ आली आणि टेपने ७९. एक बाजू जुळते, दुसरी साडेपाच मीटरने चुकते. तर चुकलं काय: सूत्र, मोबाईल की टेप?

यातलं काहीच नाही. चुकलाय तो १११ चा आकडा, आणि तोही एकाच दिशेत. तुम्ही 'एक बाजू जुळते' हे लिहिलंत ते बरं झालं, कारण निदान तिथेच होतं. मोबाईलची चूक असती तर ती दिशा बघून आली नसती, कुठल्याही बाजूला कमी-जास्त झाली असती. तुमची जुळलेली बाजू जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि न जुळलेली पूर्व-पश्चिम. एवढ्यावरूनच रेखांशाचा घोळ ओळखता येतो.

दहावीचं सूत्र म्हणजे पायथागोरसच. आडव्या फरकाचा वर्ग, उभ्या फरकाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. पण त्यात एक अट गृहीत धरलेली असते आणि पुस्तकात ती बोलून दाखवायची वेळ येत नाही, कारण आलेख कागदावर ती आपोआप पाळली जाते: दोन्ही अक्षांवर एक एकक म्हणजे सारखीच लांबी. आलेख कागदाचा चौकोन जितका रुंद तितकाच उंच असतो. अक्षांश-रेखांशाची जाळी तशी नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे विषुववृत्त सोडून वर आलं की चौकोन अरुंद होतो. उंची मात्र जवळपास तेवढीच राहते.

किती अरुंद, तेही सांगतो. तुमचं शेत १८.५ अक्षांशावर आहे. तिथे अक्षांशाचा एक अंश साधारण १,१०,६८६ मीटरचा, तर रेखांशाचा एक अंश साधारण १,०५,६०२ मीटरचा. म्हणजे १११ किलोमीटर हा आकडा उत्तर-दक्षिण दिशेत पाव-अर्धा टक्क्याच्या आत खरा, पण पूर्व-पश्चिम दिशेत पाच टक्क्यांनी जास्त. ११५ चे पाच टक्के करून बघा, तुमचे साडेपाच मीटर सापडतील. हा गुणक गावागणिक बदलतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर (१६.७) रेखांशाचा अंश सुमारे १,०६,६५० मीटरचा, नाशिकच्या (२०) सुमारे १,०४,६५० आणि नागपूरच्या (२१.१५) सुमारे १,०३,८७० मीटरचा. अक्षांशाच्या अंशाला मात्र महाराष्ट्रभर १,१०,७०० धरलं तरी शेताच्या मापात फरक दिसणार नाही. रेखांशासाठी कोष्टक हाताशी नसेल तर १,११,३२० ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणा. १८.५ ला ते १,०५,५७० च्या आसपास येतं, म्हणजे ११५ मीटरला चारेक सेंटीमीटरचा फरक. तो सोडून द्या.

आता तुमचेच आकडे घेऊ. क: १८.५०१२००, ७४.६०३४००. ख: १८.५०१३१०, ७४.६०४४८०. ग: १८.५०२०२०, ७४.६०४४००. घ: १८.५०१९४०, ७४.६०३३४०.

क हा आरंभबिंदू धरा, म्हणजे (०, ०). बाकी प्रत्येक कोपऱ्यातून क वजा करायचा, रेखांशाच्या फरकाला १,०५,६०२ ने आणि अक्षांशाच्या फरकाला १,१०,६८६ ने गुणायचं. ख साठी रेखांशाचा फरक ०.००१०८० आहे, म्हणजे ११४.०५ मीटर पूर्वेला. अक्षांशाचा फरक ०.०००११०, म्हणजे १२.१८ मीटर उत्तरेला. तेव्हा ख झाला (११४.०५, १२.१८). याच रीतीने ग येतो (१०५.६०, ९०.७६) आणि घ येतो (–६.३४, ८१.९१). घ चा पहिला आकडा ऋण आहे कारण तो क च्या किंचित पश्चिमेला आहे. ते चिन्ह तसंच ठेवायचं.

आता कुठे तुमच्याकडे खराखुरा आलेख कागद आला, दोन्ही अक्षांवर मीटर. इथून पुढे दहावीचं सूत्र बिनधास्त लावा. क-ख: ११४.०५ चा वर्ग अधिक १२.१८ चा वर्ग, वर्गमूळ ११४.७०. ख-ग साठी फरक –८.४५ आणि ७८.५९, उत्तर ७९.०४. ग-घ येतं ११२.२९ आणि घ-क ८२.१५. चारही मिळून घेर ३८८.२ मीटर. तुमच्या पद्धतीने तो ४००.२ येत होता. पाच ओळी तार लावायची असेल तर त्या बारा मीटरच्या फरकाने साठ मीटर तार जास्त आली असती, आणि तीन मीटरवर खांब धरले तर चार खांब.

क्षेत्रफळात तर हा फरक आणखी टोचतो. याच मीटरमधल्या निर्देशकांवरून क्षेत्रफळ काढलं तर सुमारे ९,१४५ चौरस मीटर, म्हणजे ९१.४५ आर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तेव्हा ९०.४ गुंठे, म्हणजेच २ एकर १०.४ गुंठे. दोन्हीकडे १११ किलोमीटर धरून हेच गणित केलं की ९५.३ गुंठे येतात. जवळपास पाच गुंठे नुसते हवेतले. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि मोबाईलवरचं क्षेत्र जुळत नाही म्हणून शेजाऱ्याच्या बांधाकडे बघण्याआधी हा एक गुणक तपासावा.

आधी गुणून मीटर करा आणि मग वर्ग करा, हा क्रम उलटवू नका. एक कारण वर आलंच, दोन अक्षांचे गुणक वेगळे आहेत. दुसरं कारण अगदी व्यवहारातलं आहे. दुकानातल्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर अंशांचे वर्ग मावतच नाहीत. ०.००१०८ चा वर्ग ०.०००००११६६४, पण पडद्यावर दिसतो ०.०००००११. ०.०००११ च्या वर्गाचं तर शून्यच होतं. त्याचं वर्गमूळ काढून १११ हजारांनी गुणलं की ११६.४ मीटर येतात, म्हणजे टेपच्या चक्क जवळ! दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, एवढंच. असं जुळलेलं उत्तर चुकलेल्या उत्तरापेक्षा वाईट, कारण ते कुणी पुन्हा तपासत नाही.

एक्सेलमध्ये करणार असाल तर तिथेही असाच एक छुपा खड्डा आहे. एक्सेलचं कोसाइन अंश ओळखत नाही, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतं. कंसात थेट १८.५ टाकलंत तर उत्तर येतं ०.९३९५, बरोबर उत्तर आहे ०.९४८३. दोन्ही इतके सारखे दिसतात की कुणाला शंकाही येत नाही आणि प्रत्येक पूर्व-पश्चिम माप एक टक्का कमी येत राहतं. हीच चूक नाशिककराने २० टाकून केली तर ०.४०८ येतं आणि कोल्हापूरकराला १६.७ टाकल्यावर ऋण संख्या मिळते, म्हणून त्यांची चूक तिथल्या तिथे पकडली जाते. पुणे पट्ट्यातल्या माणसाची लपते. तेव्हा कोसाइनच्या आत रेडियन्सचं फंक्शन घालायचंच, किंवा सरळ १,०५,६०२ हा आकडाच लिहायचा.

आणखी एक चूक अशी आहे की ती झाली तर उत्तर एकदम ३६ टक्क्यांवर येतं. काही अ‍ॅप अंश-मिनिट-सेकंद दाखवतात. तुमच्या क चा अक्षांश त्या पद्धतीने १८° ३०′ ०४.३२″ असा दिसेल. हे घाईत १८.३००४३२ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. एका अंशात ३,६०० सेकंद असतात, दहा हजार नाही. असं लिहिलं की एक सेकंद ०.०००२७८ ऐवजी ०.०००१ अंशाचा होतो आणि ११४.७ मीटरची बाजू ४१ मीटर भरते. मध्ये मिनिट बदललं असेल, म्हणजे एक कोपरा ५९ सेकंदांवर आणि पुढचा ०१ वर, तर आकडा आणखी कसाही उडतो. टेपच्या मापाशी तुमच्या उत्तराचं गुणोत्तर ०.३६ दिसलं की दुसरं काही शोधत बसू नका. नीट रूपांतर असं करायचं: मिनिटं भागिले ६०, सेकंद भागिले ३,६००, आणि दोन्ही अंशांत मिळवायचे.

अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल ही नेहमीची तिसरी चूक. पुस्तकात आडवा आकडा आधी येतो, नकाशाच्या अ‍ॅपमध्ये बहुधा अक्षांश आधी येतो, आणि तो तर उभा आकडा आहे. गूगल अर्थच्या केएमएल फाईलमध्ये पुन्हा रेखांश आधी. महाराष्ट्रात ओळखायला सोपं आहे: १५ ते २२ मधला आकडा अक्षांश, ७२ ते ८१ मधला रेखांश. आपल्याकडे गोंधळायला जागाच नाही, तरी लोक गोंधळतात, कारण वजाबाकी केल्यावर दोन्हीकडे ०.००० असेच फरक दिसतात. म्हणून वजाबाकीच्या कागदावर मथळ्यात 'पूर्व' आणि 'उत्तर' असं लिहून ठेवा.

आता मोबाईलचं. उघड्या आकाशाखाली साध्या मोबाईलचा बिंदू साधारण पाच मीटरच्या आत असतो. आंब्याच्या गच्च झाडाखाली, घराच्या भिंतीलगत किंवा डोंगराच्या कडेला तो त्याहून घसरतो. मग तुमची बाजू ११४.७० आणि टेप ११५ इतकं चांगलं कसं जुळलं? एकाच मोबाईलने, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने घेतलेल्या बिंदूंना बरीचशी चूक सारखीच लागते. चारही कोपरे मिळून तीन मीटर ईशान्येला सरकले तर वजाबाकीत ते तीन मीटर निघून जातात. सकाळी दोन कोपरे आणि संध्याकाळी दोन घेतले की हा फायदा गेला. थोडं नशीबही आहे, ते नाकारत नाही.

म्हणून कोपरे घेताना सगळे एकाच फेरीत घ्या. प्रत्येक कोपऱ्यावर मोबाईल हातात धरून मिनिट-दीड मिनिट थांबा, अ‍ॅपवरचा अचूकतेचा आकडा खाली येऊन स्थिरावू द्या आणि मगच नोंद करा. शेवटी पुन्हा क वर येऊन तो दुसऱ्यांदा घ्या. पहिल्या क आणि दुसऱ्या क मधलं अंतर याच सूत्राने काढा. ते दीड-दोन मीटर आलं तर फेरी ठीक, सहा-सात आलं तर फेरी पुन्हा. दशांशाच्या पाचव्या स्थानाची किंमत ढोबळ १.१ मीटर, सहाव्याची ११ सेंटीमीटर. तेव्हा सहा स्थानं लिहा. चारच स्थानं लिहिलीत तर तुम्ही ११-११ मीटरच्या पायऱ्यांनी मोजताय, आणि अ‍ॅप आठ स्थानं दाखवत असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना काही अर्थ नाही.

याच्याहून पक्की तपासणी कर्णाची. तुमच्या आकड्यांवरून क-ग येतो १३९.२५ आणि ख-घ १३९.१२. यातला एक कर्ण टेपने मोजा. चार बाजू जुळल्या म्हणजे आकार जुळला असं होत नाही. चार काठ्यांची चौकट बाजू न बदलता तिरकी करता येते, कर्ण धरला की ती हलत नाही. उसाच्या शेतात कर्ण मोजता येत नाही हे खरं, मग तोडणी झाल्यावर मोजा.

हे सगळं कशाला वापरायचं यावर बरंच अवलंबून आहे. कुंपणाचा अंदाज, ठिबकच्या नळ्या, फवारणीचं क्षेत्र यांना ही पद्धत पुरते. बाजू शंभर मीटरच्या वर असेल तर दोन-तीन मीटरची चूक दोन-तीन टक्क्यांत बसते. वीस मीटरच्या बाजूला तीच चूक पंधरा टक्के होते, तिथे टेपच घ्या, मोबाईल खिशात ठेवा. आणि हद्दीचा वाद असेल तर यातलं काहीही कामाचं नाही. त्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्याला (कायम बसवलेल्या संदर्भ-केंद्रांच्या जाळ्याला) जोडलेला रोव्हर, म्हणजे मोजणीचं फिरतं उपग्रह-यंत्र, काही सेंटीमीटरपर्यंत बिंदू देतो, तो आणि खिशातला मोबाईल ही एकाच जातीची यंत्रं नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय की यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाचा सपाट नकाशा करण्याची पद्धत) वापरलं तर हा गुणकाचा त्रास वाचेल का. वाचेल. यूटीएममध्ये निर्देशक आधीच मीटरमध्ये मिळतात, ईस्टिंग (पूर्वेकडचं माप) आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं माप). तुमच्या क चं ईस्टिंग ४,५८,१०० च्या आसपास आणि नॉर्दिंग २०,४५,७०० च्या आसपास असेल. वजा करा, वर्ग करा, झालं. त्याने क-ख ११४.६६ येईल, माझ्या उत्तरापेक्षा चार सेंटीमीटर कमी. कारण यूटीएमच्या पट्ट्याच्या मध्यरेषेवर नकाशा मुद्दाम ०.९९९६ पट केलेला असतो, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर कमी. पट्ट्याच्या कडेला उलट होतं, किलोमीटरमागे ८० सेंटीमीटरच्या आसपास जास्त. शेताला फरक पडत नाही, कालव्याच्या किंवा रस्त्याच्या आखणीला पडतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी मात्र इशारा. ७८° रेखांशावर पट्टा बदलतो. त्याच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा, अमरावती शहर हे सगळं ४३ मध्ये, वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा तर मधोमध कापला जातो: दारव्हा ४३ मध्ये, वणी ४४ मध्ये. त्या रेषेवरच्या शेताचा एक कोपरा ईस्टिंग ८,१३,००० दाखवेल आणि शेजारचा १,८७,०००, कारण प्रत्येक पट्टा आपल्या मध्यरेषेला ५,००,००० धरून मोजतो. सूत्र लावलं की शेताची एक बाजू सव्वासहाशे किलोमीटर! अशा ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या बिंदूंना एकच पट्टा सक्तीने लावा, नाहीतर वरची अंश-मीटरची पद्धतच वापरा, तिला पट्टे नसतात.

ती पद्धत किती लांबवर चालेल? एका गावाच्या शिवारात निर्धास्त. वीस-तीस किलोमीटरपर्यंत दोन्ही टोकांच्या मधला अक्षांश धरून गुणक काढलात तरी चालेल. पुणे ते नागपूर असं अंतर काढायचं असेल तर पृथ्वी सपाट धरून भागत नाही, तिथे गोलावरचं सूत्र लागतं.

राहिला टेपचा ११५ आणि गणिताचा ११४.७० यातला ३० सेंटीमीटरचा फरक. तो मोबाईलच्या चुकीतला असू शकतो, टेप मध्ये झोळल्याने आलेला असू शकतो (तीस मीटरची टेप चार वेळा लावताना सरळ रेष सुटते तीही धरा), किंवा जमिनीच्या उताराचाही असू शकतो. निर्देशकांवरून येतं ते आडवं अंतर, जणू शेत वरून पाहिलंय असं. टेप मात्र उतारावरून जाते. क ते ख या बाजूत आठ मीटरचा चढ असेल तर ११४.७० चं उतारावरचं अंतर ११४.९८ होतं, म्हणजे तुमचा फरक एकट्या उतारातच भागतो. तिथे किती चढ आहे ते तुम्हालाच बघून सांगता येईल. सातबाऱ्याचं क्षेत्र आडव्या मापाचं, त्यामुळे गुंठ्यांसाठी ११४.७० धरा. तार मात्र जमिनीबरोबर चढते-उतरते, तेव्हा तारेची खरेदी टेपच्या ११५ वर करा, आणि कोपऱ्याच्या खांबांना वेढे मारायला लागेल ती तार त्यावर वेगळी धरा.